खोळंबा
बांगलादेशातल्या गाझीपूरच्या शिलाई कारखान्यात पारुल नुकतीच सुपरवायझर झाली होती. साहेबांनी बजावलं होतं, "जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणी मशीन सोडलं, तर तुझी खुर्ची गेली." म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नव्हत्या. इतक्यात गरोदर शेफालीनं हात वर केला. "आपा, आता लघवी धरवत नाही." पारुलनं मागं वळून पाहिलं, साहेब काचेमागून बघत होते. "जरा थांब ना गं." "थांबते, पण उद्यापासून येत नाही. मशीन खोळंबलं की तुमचा जीव जातो, बाई खोळंबली तरी चालतं!" पारुलनं तिला उठवलं आणि स्वतः शिवायला बसली. साहेब तरातरा आले. "वर चल, मॅनेजरकडे!" शेफाली परतली, तेव्हा पारुल वर जायच्या जिन्याकडे निघाली होती. "आपा, तुम्हाला काढतील?" "काढोत. तू उद्या येशील ना?" "उद्याचं उद्या," शेफाली म्हणाली, आणि तिच्याआधी जिना चढू लागली.