दुपारची खटखट

महिनाभर रोज एक पान लिहीन, असं मैत्रिणींना छातीठोकपणे सांगून बसले होते. तयारीही जय्यत केली. मोबाइल आईच्या कपाटात ठेवला आणि माळ्यावरून बाबांचा जुना टाइपरायटर काढला. लहानपणी दुपारी त्याचीच खटखट ऐकत मी झोपायचे.

निम्मा महिना सरला आणि डोकं ठप्प झालं. सोडून द्यावं म्हणून हात आवरला, तोच पलीकडच्या खोलीत आडवे झालेले बाबा जागे झाले.

"का गं, थांबलीस?"

म्हातारपणाची झोप, एकदा मोडली की येत नाही. मी हाताला लागतील ती अक्षरं बडवत राहिले. बाबा पुन्हा घोरायला लागले.

आई चहा घेऊन आली आणि कागद बघून हसली.

"हसतेस काय? काही सुचतच नाहीये. बाबांचं बरं होतं, ऑफिसचं काम घरी आणायचे. हात कधी थांबायचा नाही."

"कसलं ऑफिस? तेव्हा नोकरी सुटून घरीच बसले होते ते."

"मग दुपारभर टाइप काय करायचे?"

आईनं माझ्या कागदाकडे बोट दाखवलं.

"हेच. खटखट थांबली, की तू रडत उठायचीस."