झेफ्रिनचं घर

एकोणचाळिसाव्या घराच्या जागी नुसते दगडी खांब उभे होते. घर खाली होतं. उतारावर वीस पावलं सरकून एका आडव्या झालेल्या नीरफणसाला कलतं टेकलेलं. झाडाच्या पलीकडे घळ होती.

ऑलिंडा खांबांपाशी थबकली. तीस वर्षं ती या गावची नर्स होती. चक्रीवादळ पहाटे ओसरलं तेव्हा फोन बंद, रस्ता बंद. कॅरिकू बेटाच्या या टोकाला दोन दिवस तरी बाहेरून कुणी यायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून उजाडताच तिने फेरी धरली होती. अडतीस घरांत हाका मारून झाल्या. कुणाचा हात मोडला होता, कुणाचं डोकं फुटलं होतं, पण प्रत्येक हाकेला ओ आली होती. राहिला होता तो झेफ्रिन. नावा बांधणारा म्हातारा. वय ब्याऐंशी, घरात एकटा, आणि ठार बहिरा. त्याला हाक मारून काय कळणार?

तिच्यामागे कथबर्ट आला होता. स्वतःची नाव वादळात गमावलेला कप्तान. त्याने घळीकडे पाहिलं आणि मान हलवली.

"मावशी, म्हातारा गेला असेल तर घाई नाही. आणि जिवंत असला, तर त्या घराला बोटसुद्धा लावायचं नाही."

ऑलिंडाने कमरेला दोर बांधला, टोक त्याच्या हातात दिलं आणि चिखलातून बसत बसत खाली गेली. दगड घेऊन तिने भिंतीची फळी तीनदा ठोकली. मग तळहात फळीवर टेकून ठेवला. काही नाही. पुन्हा तीनदा ठोकलं.

हाताखाली फळी हादरली. एकदा. थांबून आणखी दोनदा.

तिने वर पाहिलं आणि नुसता हात उंच केला. तेवढ्यावर वर जमलेल्या बायका रडायला लागल्या.

फटीतून डोकावल्यावर तिला सगळं कळलं. झेफ्रिन पलंगाशी बसला होता, हातात हातोडी, पाय आडव्या पडलेल्या कपाटाखाली. दार घळीच्या बाजूला होतं. कथबर्ट करवत घेऊन उतरला. भिंत कापून त्याला काढायचं ठरलं. पहिल्याच रेट्याला घर वीतभर सरकलं आणि झाडाच्या मुळांनी कडकड आवाज केला. कथबर्टने श्वास रोखून करवत काढून घेतली.

 वरून वेल्मा, मासळी विकणारी, म्हणाली, "नाव असती तर काय केलं असतं आपण?"

झेफ्रिनने याच उतारावर चौदा नावा बांधल्या होत्या आणि प्रत्येक नाव गावाने हाताने ओढून समुद्रात घातली होती.

"नाव खाली ओढायची असते," कथबर्ट म्हणाला. "हे वर आणायचंय."

"मग जरा जास्त माणसं लागतील."

माणसं आली. फुटलेल्या नावांवरचे दोरखंड आणि कप्प्या आल्या. नावांच्या शर्यतीवरून दरवर्षी भांडणारी पलीकडची वाडी आली, बोलावणं न पाठवता. मोडक्या हाताचा शिक्षक आला आणि चांगल्या हाताने दोराच्या शेवटाला लागला. पडलेल्या माडांचे ओंडके उताराला आडवे घातले. कप्प्या चिंचेच्या बुंध्याला बांधल्या. कथबर्टने नाव ओढायचं गाणं सुरू केलं. त्याच्या एका ओळीला साठ जणांनी ओळ दिली.

पहिल्या ओढीला सगळे चिखलात बसले. घर हललंसुद्धा नाही.

ऑलिंडा खालीच राहिली होती. फटीतून खुणेने ठरवल्याप्रमाणे प्रत्येक ओढीआधी ती फळीवर तीनदा ठोके, म्हणजे आतल्याने पलंगाचा खांब घट्ट धरावा. वरून सगळे तिला ओरडत होते, बाजूला हो. ती झाली नाही. दुसऱ्या ओढीला घर कण्हलं आणि हातभर वर आलं. तिसऱ्या ओढीला झाडावरून सुटलं. नीरफणस मुळांसकट घळीत गेला आणि त्याचा आवाज बराच वेळ खाली जात राहिला. गाणं थांबलं नाही. उलट चढलं.

दुपार कलता कलता घर वरच्या रस्त्याच्या मधोमध येऊन टेकलं. साठ माणसं जिथल्या तिथे पडली. कुणी हसत होतं, कुणाला उठवत नव्हतं.

कथबर्टने पहारीने दार उघडलं, कपाट उचललं. ऑलिंडाने पाय चाचपला. सुजला होता, मोडला नव्हता. झेफ्रिनने तिचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्याने विचारलं, "आपलं कोण कोण गेलं?"

ऑलिंडाने मान हलवली. कुणी नाही. तिचा चेहरा तो कितीतरी वेळ निरखत राहिला, मग डोळे पुसले.

तेवढ्यात पावसाचे थेंब पडायला लागले. लोक उठले, इकडेतिकडे पाहू लागले आणि तसेच उभे राहिले. जायचं कुठे? गावात एकाही घरावर छप्पर उरलं नव्हतं. मग एकेकाची नजर वर गेली. झेफ्रिनचं छप्पर होतं तसंच होतं. एक खिळासुद्धा निघाला नव्हता.

म्हातारा लंगडत दारात आला. त्याने रस्त्यावरच्या गर्दीकडे पाहिलं. छातीपर्यंत चिखलाने लडबडलेली सगळी माणसं. तो बाजूला सरकला आणि दार सताड उघडलं.

"या," तो ओरडला. "पण पाय पुसून या."

आणि भर पावसात, ओळीने, साठ माणसं पाय पुसायला लागली.