झाकणाखालचा डाव

“कुणाला खरं वाटायचं न्हाय, पर दिवाळीपास्नं ह्या लॅपटॉपनं डोळा मिटलेला न्हाय. पयलं प्लग दे, पोरी!”

कुंडलिक कंडक्टर उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून समराच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात शिरले. मागून त्यांची बायको केराबाई. स्क्रीनवर ऊन पडू नये म्हणून त्यांनी पदर पुढे धरलेला. रिक्षातून दोघं असेच आले होते. एसटीतून रिटायर झाल्यापासून कुंडलिकांचं बोलणं ऐकताना निम्मं सोडून द्यायचा शुक्रवार पेठेत रिवाज होता. हे वाक्य मात्र पुरतं खरं होतं.

समराने छताचा पंखा लावला आणि वायर जोडली. स्क्रीनवर एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव होता, अर्धा राहिलेला. इस्पिकचा गुलाम मोकळा पडला होता आणि शेजारी बदाम दश्शी.

“काका, ही दश्शी सरळ गुलामावर बसते की.” समराने बोट पुढे केलं.

“हात न्हाय लावायचा!” केराबाई ओरडल्या. दुकानात आल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं बोलणं.

“आमच्या मल्हारचा डाव हाय त्यो,” कुंडलिक म्हणाले. “दही घिऊन आलोच म्हणून उठला, गाडीला किक मारली...”

नाक्यावरच्या त्या ट्रकचं सगळ्या पेठेला ठाऊक होतं. मल्हारच्या तेराव्याला समराही जाऊन आली होती.

तिने आवाज खाली आणला. “फोटो वगैरे पेन ड्राइव्हवर घेते, काका. डाव नाही घेता यायचा. मशीन बंद पडलं की गेला. पासवर्डही मल्हारलाच माहीत.”

“फोटो हायती आमच्याकडं. तू झाकणाचं बघ.” कुंडलिक काउंटरवरून पुढे झुकले. केराबाई काउंटरलगतच्या बाकावर बसल्या होत्या, पण लॅपटॉपच्या बाजूने हात घालून त्यांचं बोट टचपॅडच्या चौकोनावर फिरतच होतं. “बघितलंस? दिसभर हेच. स्क्रीन काळी हुयाला नगं म्हणून. म्होरनं उठत न्हाय. भाकरी तितंच, ती बी निम्मी टाकती. झाकण लागलं तर उठंल. म्हणती, आतला डाव तसाच जागा ऱ्हाणार असंल तर लावू दे.”

“आणि आत्ता लावलं तर काय होतं?”

“लावलंच न्हाय कवा. ती लिनक्स का काय नवी शिस्टीम घातल्यापास्नं मल्हार म्हणायचा, बाबा, झाकण लावू नगा, ह्यो झोपला की उठत न्हाय.”

“जुन्या मशीनला असतो तो आजार,” म्हणत समराने सेटिंग उघडली. बापाला वाचता यावं म्हणून मल्हारने सगळं मराठीत करून ठेवलं होतं. तिने ओळ मोठ्याने वाचली, “झाकण बंद केल्यावर, निलंबित करा.”

कुंडलिकांनी चष्मा चढवला. “निलंबित? आरं तिच्या! म्या बी झालतो की निलंबित. अक्कलकोटच्या गाडीत मेंढ्याला हाफ तिकीट दिलं म्हणून. आन् गडी खिडकीला बसलेला. चेकर आला तर पठ्ठ्यानं तिकीट तोंडात धरून म्होरं केलं!”

“आणि मेंढ्याचं काय झालं?”

“त्याला डेपो मॅनेजर केला.”

समरा हसली. केराबाई हसल्या नाहीत. कुंडलिक त्यांच्याकडे वळले. “निलंबित म्हंजे बडतर्फ न्हवं, केरा. निलंबित माणसाला परत घेत्यात. मला घेतलंच की.”

समराने ती ओळ बदलून ‘काही करू नका’ ठेवलं. “आता झाकण लावलं तरी जागा राहायला पाहिजे. पण काका, कधीकधी मशीन वरच्या सेटिंगचं ऐकतच नाही. आतली बदलायला पासवर्ड लागतो. एकदा लावूनच बघावं लागेल. आणि झोपलाच तर...”

“न्हाय झोपायचा.”

“मी सांगून ठेवते.”

“सांगितलंस. ऐकलं आमी.”

केराबाई उठून काउंटरला वळसा घालून आल्या. त्यांनी डाव नीट पाहून घेतला, एकेक पत्ता. मग दोन्ही हातांनी झाकण लावलं आणि परत बाकावर जाऊन बसल्या.

थोडं थांबून समराने झाकण चारेक बोटं वर केलं. आत काळोख होता. तिने एक कळ दाबली, मग दुसरी. बटण दाबून पाहिलं. कुंडलिक आत येऊन तिच्या खांद्यावरून बघत होते. केराबाईंच्या बाजूने फक्त झाकणाची पाठ दिसत होती.

समरा काही बोलणार तोच कुंडलिकांनी तळहाताने झाकण खाली दाबलं आणि त्यावर कान ठेवला.

“चालू हाय!” ते म्हणाले. “घरघर ऐकू येतीया की. दश्शी जाग्यावर, गुलाम जाग्यावर. लई झ्याक काम केलंस, पोरी. केरा, ये, तू बी ऐक. मग घरी जाऊन जेवू.”

केराबाई आल्या. पदर मागे सारून त्या वाकल्या आणि त्यांनीही झाकणाला कान लावला. दोघांची तोंडं समोरासमोर आली. कुंडलिक हसत राहिले. त्या बराच वेळ तशाच ऐकत राहिल्या.

“खोटं बोलताय तुमी,” त्या म्हणाल्या. “त्यो वरचा पंखा हाय.”