मागची सीट

एकोणीसशे अडुसष्ट सालच्या पौषात, वैजापूरहून औरंगाबादला येताना, तात्यासाहेबांनी चालत्या गाडीत ड्रायव्हरच्या मानेला काठीचं टोक लावलं.

"मालक बोलतो तेव्हा तोंड इकडं करायचं," ते म्हणाले.

मुंजाबाची मान हलली नाही. त्याची नजर रस्त्यावर होती.

मागच्या सीटवर तात्यासाहेबांच्या शेजारी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई बसल्या होत्या आणि खिडकीशी लेक आवडा. आवडाला सातवा लागला होता. बाळंतपणासाठी तिला माहेरी न्यायचं होतं. पोर धडपणे घरी पोचावी, यापलीकडे लक्ष्मीबाईंना त्या दिवशी काही नको होतं.

पोलीस ॲक्शन होऊन वीस वर्षं झाली होती. निजाम गेला, जहागिऱ्या गेल्या. तात्यासाहेबांचा दरबार मात्र अँबॅसिडरच्या मागच्या सीटवर चालूच होता. मोठ्यांकडे पाठ करून उत्तर देणं म्हणजे बेअदबी, हे ते हैदराबादेत शिकले होते. वकिली शिकायला म्हणून चार वर्षं तिथं राहिले आणि एवढंच शिकून परत आले.

मुंजाबाची शाळा वेगळी. हा धनगराचा गडी मेंढरं भावाच्या हवाली करून मुकुंदवाडीच्या फकिरा उस्तादाकडे महिनाभर गाडी शिकला. फकिरा शेजारी बसून अखंड बोलायचा. ती बघ तुझी सासू चालली. तुमच्या गावात मेंढरं शहाणी आणि माणसं येडी. ज्यानं मान वळवली त्यानं तिथंच उतरून पायी घर गाठायचं. मुंजाबा नऊ वेळा पायी आला. त्याची बायको बानाबाई हे लक्ष्मीबाईंना हसून हसून सांगायची. दहाव्या वेळी उस्तादानं त्याच्या मेलेल्या बापाला शिव्या दिल्या. मुंजाबाचे डोळे भरले, पण मान वळली नाही. मग फकिरानं गाडी थांबवायला लावली, खाली उतरला आणि वर आभाळाकडे हात जोडून त्या बापाची माफी मागितली.

आज काठी मानेवर होती, तेवढ्यात कपाशीनं भरलेली बैलगाडी शेतातून एकदम रस्त्यावर आली. मुंजाबानं ब्रेक दाबत गाडी कडेला घेतली. बैलाचं शिंग आवडाच्या काचेपासून वीतभर अंतरावरून गेलं. ते लक्ष्मीबाईंनी पाहिलं. तात्यासाहेबांनी पाहिलं ते एवढंच, की धक्क्यानं आपला फेटा पायाशी पडला.

लासूरजवळ त्यांचं शेत होतं. तिथं त्यांनी मुंजाबाला गाडीतून उतरवलं आणि नोकरीवरूनही. शेतावर ट्रॅक्टर चालवणाऱ्या सांडूला बोलावून घेतलं. सांडूला कोणी काही शिकवलं नव्हतं, पण अदब भरपूर होती. गाडी निघाली. जेवलास का, असं तात्यासाहेबांनी विचारलं. सांडूनं स्टिअरिंग सोडलं, पुरता मागं वळला आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, जेवलो सरकार. तात्यासाहेबांचा चेहरा खुलला.

लक्ष्मीबाईंनी गाडी थांबवायला लावली. दार उघडलं.

"आवडे, उतर. आपण ठेसनावर जाऊ."

घरची मोटार असताना आगगाडीत चेंगरायची ही कसली भिकार हौस, असं तात्यासाहेबांनी विचारलं.

"आगगाडीचा डायवर मागं वळून बोलत नाय," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. नवऱ्याला दिलेलं त्यांचं हे पहिलं उत्तर. नुकत्याच काढून टाकलेल्या आणि मागून पायी येणाऱ्या मुंजाबानं न सांगता आवडाची ट्रंक डोक्यावर घेतली आणि दोघींना लासूर स्टेशनात पोचवलं.

आगगाडी वेळेवर आली. मोटार दौलताबादेच्या अलीकडे पुलाच्या कठड्यावर गेली. ही ज्वारी चांगली की आपली, असं तात्यासाहेबांनी विचारलं होतं, आणि आपलीच की सरकार, असं सांडू हात जोडून सांगत होता. तात्यासाहेबांच्या मांडीचं हाड मोडलं, सांडूचे पुढचे दोन दात गेले. पूलच चुकीच्या जागी बांधलाय, असं तात्यासाहेब मरेपर्यंत सांगत राहिले.

आवडाला फाल्गुनात मुलगी झाली, ठणठणीत. सांडूला ट्रॅक्टरवर परत पाठवलं. दात गेले तरी अदब टिकली. मुंजाबा एसटीत लागला आणि तीस वर्षं गाडी चालवून निवृत्त झाला. त्याच्याविरुद्ध एकच तक्रार पुन्हा पुन्हा येई, की चालक उर्मट आहे, विचारलं तर उत्तर देत नाही. फकिरा म्हातारा होऊन वारला. आता शहरात गल्लोगल्ली शाळा आहेत. पंधरा दिवसांत क्लच शिकवतात, गिअर शिकवतात, सही करून कागद हातात देतात. मान शिकवत नाही कोणी.

आणि लक्ष्मीबाईंनी सत्तरी उलटेपर्यंत स्वतः गाडी चालवली. नवऱ्यानं निवडलेल्या ड्रायव्हरच्या मागं बसायचं नाही, असं त्यांनी त्या पौषातच ठरवलं होतं. गाडी दुरुस्त होऊन आली तशी त्या फकिराकडे शिकू लागल्या. मोकळ्या मैदानात क्लच-गिअर झाले आणि मानेच्या धड्याचा दिवस आला. परक्या पुरुषाशेजारी बायको एकटी नको, म्हणून तात्यासाहेब प्लास्टरमधला पाय लांब करून मागं बसले. गाडी हलताच त्यांनी तोंड सोडलं. हळू घे, जोरात घे, बायकांची अक्कल, तुझ्या बापानं बैल तरी हाकला होता का. फकिरानं सुरुवातीला दोन टोमणे मारून पाहिले, मग ओशाळून गप्प बसला. लक्ष्मीबाईंची नजर रस्त्यावर होती.

मुकुंदवाडीच्या स्टेशनासमोर त्यांनी गाडी उभी केली.

"बाईसाहेब, हे शिकायला गड्याला महिना लागतो," फकिरा म्हणाला. "आधी कोण्या उस्तादाकडं शिकलात?"

लक्ष्मीबाईंनी हँडब्रेक ओढला आणि मान न वळवता अंगठ्यानं मागची सीट दाखवली.