सातव्या ओळीतली शून्यं

"आता सहावी ओळ," ताई म्हणाली.

तिच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. दवाखान्याच्या खिडकीतला पडदा हलला की दुपारचं ऊन तिच्या हातावर येई, पुन्हा जाई. खाटेशेजारी स्टुलावर तिचा धाकटा भाऊ बसला होता. तो शिंपी. ताईने जन्मभर कॉलेजात गणित शिकवलं आणि पडून राहणं काही तिला जमेना, म्हणून तो दुकानातून कापड बेतायचा खाकी कागद आणि पेन्सिल घेऊन आला होता.

कागदावर आकड्यांचे दोन त्रिकोण होते. पहिला तिने त्याला त्याच्याच भाषेत समजावला होता. "सहाव्या ओळीत दुसऱ्या जागी, सहा मीटर कापडात दोन-दोन मीटरचे तुकडे किती, तेवढंच लिही. चिंधी उरली तर सोडून दे." दुसरा त्रिकोण पहिल्याचा उलट. पहिल्याने जे केलं ते त्याने पुरतं फेडायचं. दोघांचा गुणाकार केला की तिरप्या कडेवर एक-एक उरायला हवा, बाकी सगळीकडे शून्य.

"उसवायचं म्हण ना सरळ," तो म्हणाला होता. "ते येतं मला."

तो हिशेब करून आकडा सांगे. ताई अर्धवट झोपेत ऐके. अंधारात आकडे एकेक करून येत आणि आपापल्या जागी बसत.

"दोन," तो म्हणाला. "शून्य. उणे एक. अर्धा. उणे एक. एक."

ताईने उशीवरून डोकं उचललं.

"अर्धा कुठून आला?"

"आला बुवा."

"येणारच नाही. पहिल्या त्रिकोणाच्या तिरप्या कडेला सगळे एक आहेत, भागायची वेळच येत नाही. कितीही खाली जा, पूर्णांकच निघणार."

"मग चुकलं असेल. मला पाढे तरी कुठे येत होते?"

"पाच ओळी बिनचूक काढल्यास." तिने चेहरा त्याच्याकडे वळवला. "डॉक्टरांनी तुला बाहेर बोलावलं होतं. काय म्हणाले?"

तो खोडरबर घासत राहिला.

"उद्या पट्टी सोडताना ते स्वतःच सांगणार आहेत. बायकोने बजावलंय, तोवर तोंड उघडू नका म्हणून."

"तुझ्या पोटात काही राहत नाही, हे तिला अजून कळलं नाही? सांग."

"एकच डोळा वाचला, ताई."

ऊन हातावर आलं, गेलं.

"कुठला?"

"डावा."

ताईने उजव्या डोळ्यावरच्या पट्टीवर तळवा ठेवला. निजलेल्याला जाग येऊ नये इतक्या हलकेच. भावाने नाक ओढलं.

"रडायचं असेल तर कागद बाजूला ठेव," ती म्हणाली. "भिजला तर सगळं पुन्हा आखावं लागेल."

तो हसला आणि हसता हसता खरंच रडायला लागला. त्याचं आवरल्यावर ती म्हणाली, "चौथ्या जागी शून्य कर. आता सातवी."

सातवीला त्याने फार वेळ घेतला. एकेक रकाना पुन्हा पुन्हा ताडून पाहिला. मग घसा खाकरला.

"उणे एक. शून्य, शून्य, शून्य, शून्य. उणे एक. एक." तो घाबरला. "पुन्हा चुकलं का गं? मध्ये काहीच नाही."

"बरोबर आहे. परत म्हण. सावकाश."

त्याने म्हटलं. प्रत्येक शून्यानंतर थोडा थांबला.

ताईने चेहरा समोर वळवला. घाट चढून वर आलेलं माणूस पलीकडच्या माळाकडे बघतं, तसा.

"केवढं मोकळं आहे रे," ती म्हणाली. "थांबू नकोस."