दुसरी गोळी

दक्षिण आफ्रिकेतल्या पोलोक्वानेच्या खेरितनं हौसेनं जुनी दुनळी रायफल घेतली खरी, पण तिच्या दोन नळ्यांचं एकमेकींशी पटेना. एकीची गोळी इकडे, तर दुसरीची वीतभर तिकडे. "जावाजावा दिसतात या तुझ्या," हेस्टर नवऱ्याला चिडवायची. तो मात्र रोज रस्कची बरणी बाजूला सारून जेवणाच्या टेबलावर तराजू मांडायचा, बंदुकीची दारू कणाकणानं तोलून काडतुसं स्वतःच भरायचा. एकदा वैतागून म्हणाला, "या शनिवारी दोन्ही गोळ्या एका जागी लागल्या नाहीत, तर परत करतो ही." तेव्हा हेस्टरलाच ती परत जायला नको होती. निवृत्त झाल्यापासून तो इतका कशातच रमला नव्हता.

शनिवारी खेरित नेमबाजीच्या मैदानावरून आला आणि त्यानं निशाण्याचा कागद तिच्यापुढे धरला. मधोमध एकच भोक होतं, जरासं लांबट.

दोन्ही गोळ्या त्याच भोकातून गेल्यात, हे हेस्टरनं बघताक्षणी ओळखलं. मग तिनं किटली खाली ठेवली, खुर्ची ओढून ऐसपैस बसली आणि भाबडा चेहरा करून म्हणाली, "अरेरे, एक वायाच घालवलीस की! दुसरी गोळी कुठं गेली रे?"