घरच्यांचं मी बघतो

सासूबाईंनी शिवगंगाच्या हातातलं ओटीचं ताट काढून घेतलं. अलगद, कुणाच्या लक्षात येऊ नये असं. शेजारच्या रोहिणीच्या हाती ते देऊन त्या म्हणाल्या, "तू राहू दे, गंगा. पंगतीचं बघ."

पाटावर धाकटी जाऊ ईश्वरी हिरव्या साडीत बसली होती. सातवा महिना. दिंद्रुडच्या बाजारातल्या त्यांच्या भांड्यांच्या दुकानामागचं घर बायकांनी भरून गेलं होतं. शिवगंगा मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेली. सासूबाई मागोमाग आल्या, तेव्हा तिनं सरळ विचारलं, मी जावेची ओटी का म्हून भरायची न्हाई?

सासूबाईंनी दार लोटून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मन्मथनं शपथ घातलीय, तुला बोलायचं न्हाई म्हणून. तुझ्यात दोष हाय, हे त्यानं पहिल्याच साली सांगितलं आमाला. इलाजाच्या गोळ्या तर घेतीसच की तू. गुण न्हाई आला, त्याला कोण काय करणार?"

शिवगंगाला आधी काही उमजेना.

लग्नानंतर महिन्याभरातच मन्मथनं तिला सांगितलं होतं, मला मूल नको. बाप लवकर गेला, भावाबहिणींना त्यानंच वाढवलं, आता पुन्हा ते सगळं नको. तिला मूल हवं होतं. ती रडली, भांडली, माहेरी जाऊन राहिली. शेवटी परत आली, कारण तिला तो आवडत होता. दिवस राहू नयेत म्हणून घ्यायच्या गोळ्या माजलगावहून गुपचूप तोच आणायचा. लोक विचारतील त्याचं काय, एवढंच तिनं विचारलं होतं. तो म्हणाला होता, घरच्यांचं मी बघतो.

आणि खरंच सात वर्षांत तिला कुणी एका शब्दानं टोचलं नव्हतं. सासूबाई तर एखादी बाई पाळणा कधी हलणार असं बोलायला लागली की विषयच बदलायच्या. नवऱ्यानं आपल्यासाठी घराशी केवढं भांडण घेतलं असेल, या विचारानं शिवगंगाचा ऊर भरून यायचा. असा माणूस नशिबानं मिळतो, असं ती बहिणीला सांगायची.

सासूबाई अजून बोलतच होत्या. "दुसरं लगीन कर म्हणून सोयरे आलते. न्हाई म्हणाला. जशी हाय तशी संभाळीन म्हणाला. गावात लई नाव घेतेत त्याचं."

शिवगंगा मधल्या दारानं दुकानात गेली. दुपारचं गिऱ्हाईक नव्हतं. मन्मथ गल्ल्याजवळ एकटाच बसला होता. सासूबाई काय बोलल्या ते तिनं सांगितलं. त्यानं उठून शटर अर्धं खाली ओढलं. नाकारलं काहीच नाही. तसं सांगितलं म्हणूनच तू सुखात राहिलीस, एवढंच तो म्हणाला.

"दोष तुमच्यात हाय म्हणून सांगायचं की मग," शिवगंगा म्हणाली.

हे मन्मथच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. "मी चार माणसांत उठतो-बसतो, गंगा," तो म्हणाला.

ती आत जायला वळली. बायका अजून बसल्या आहेत, त्यांच्यासमोरच सगळं सांगते, म्हणाली. त्यानं तिचा हात धरला. इतक्या वर्षांत त्याच्या चेहऱ्यावर अशी भीती तिनं पाहिली नव्हती. आत बायका ईश्वरीला उखाणा घ्यायला लावत होत्या. हसण्याचा आवाज दुकानापर्यंत येत होता.

"ऐक माझं," तो हळू आवाजात म्हणाला. "आजपासून गोळ्या बंद कर. होऊ दे लेकरू. इलाजाचा गुण आला म्हणतील लोक. फक्त आईला काही सांगू नको."

हे ऐकण्यासाठी तिनं एके काळी उपास केले होते. शिवगंगानं हात सोडवून घेतला.

"लेकरू मला अजून पायजे," ती म्हणाली. "पण तुमचं न्हाई."